विरता विरेना : अदिश क्षेत्रातील दीर्घायुषी पुंजके

पसरणे हा लाटेचा धर्म आहे. कृष्णेच्या शांत डोहात खडा टाकला की पाण्याचा उंचवटा क्षणभर दिसतो आणि लगेच वर्तुळांच्या रूपाने चहूकडे निघून जातो. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त एका जागी राहत नाही. हाक, दिव्याचा उजेड, तापल्या तव्याची धग या सगळ्यांचीच ही गत आहे. एका जागी गोळा झालेली ऊर्जा वाट मिळताच पांगते, हा आपला रोजचा अनुभव आहे आणि बहुतेक गणितही तेच सांगते.

पण गेल्या पन्नास वर्षांत भौतिकशास्त्रज्ञांना आपल्या समीकरणांत असे काही पुंजके सापडले आहेत की, जे पांगायला हवेत आणि पांगत नाहीत. त्यांना बांधून ठेवणारा दोर नाही, त्यांच्याभोवती भिंत नाही, त्यांना जपणारा संवर्धनाचा नियमही नाही. तरी ते एकाच जागी धडधडत राहतात आणि आपल्या अपेक्षित आयुष्याच्या शेकडो पट जगतात. त्यांना ‘ऑसिलॉन’ म्हणतात. ते इतके का टिकतात, आणि टिकतात म्हणजे ‘स्थिर’ आहेत का, या दोन प्रश्नांचा पाठपुरावा या लेखात करायचा आहे. दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण तसे नाहीत. त्यांच्यातला फरक हाच या विषयाचा गाभा आहे.

अदिश क्षेत्र म्हणजे काय?

सांगली जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि प्रत्येक ठिकाणी या क्षणी किती तापमान आहे ते लिहा. मिरजेत एक आकडा, आटपाडीत दुसरा, शिराळ्यात तिसरा. प्रत्येक बिंदूला एक आकडा, आणि त्या आकड्याला दिशा नाही. हे झाले अदिश क्षेत्र. वाऱ्याचा नकाशा काढायचा तर प्रत्येक ठिकाणी वेगाबरोबर दिशाही लिहावी लागेल, म्हणून ते सदिश क्षेत्र.

तापमान हे हवेचे असते. मूलभूत भौतिकीतले अदिश क्षेत्र मात्र कशाचे नसते, ते स्वतःच असते आणि रिकाम्या अवकाशातही असते. अशा एका क्षेत्राचा पुरावा ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने जाहीर केला. ते हिग्ज क्षेत्र. मराठी वाचकांच्या कानावर अदिश क्षेत्राची कल्पना त्याआधीच पडून गेली असेल, फक्त नाव वेगळे होते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि फ्रेड हॉईल यांनी १९६०च्या दशकात विश्वात नवे द्रव्य कसे निर्माण होत असावे हे सांगण्यासाठी ‘सी-क्षेत्र’ मांडले. ते अदिश क्षेत्रच होते. त्यांचे स्थिर स्थितीचे विश्व पुढे बहुतेकांनी स्वीकारले नाही, पण विश्वाच्या इतिहासात अदिश क्षेत्राला मोठी भूमिका देण्याची रीत मात्र आज सर्वमान्य आहे.

अशा क्षेत्राची ऊर्जा तीन खात्यांत असते. क्षेत्राचे मूल्य वेळेनुसार बदलत असेल तर गतीची ऊर्जा. शेजारच्या बिंदूंच्या मूल्यांत फरक असेल तर ताणाची ऊर्जा. आणि क्षेत्र आपल्या विश्रांतीच्या मूल्यापासून दूर असेल तर स्थितिज ऊर्जा. पुढचा सगळा खेळ या तीन खात्यांतल्या देवघेवीचा आहे.

स्थिर गोळा शक्यच नाही

पहिला प्रश्न साहजिक आहे. क्षेत्राचा एखादा गोळा, काहीही न हलता, जागच्या जागी बसून राहू शकेल का? १९६४ साली जी. एच. डेरिक यांनी याचे उत्तर दिले : तीन मितींच्या अवकाशात, एकट्या साध्या अदिश क्षेत्राचा, नाही. त्यांची युक्ती इतकी सोपी आहे की ती कागदावर दोन ओळींत बसते.

गोळ्याचा आकार तोच ठेवून तो सगळ्या बाजूंनी निम्मा करा. घनफळ आठव्या हिश्श्यावर आले, म्हणून स्थितिज ऊर्जा आठवा हिस्सा झाली. उतार मात्र दुप्पट तीव्र झाला. ताणाची ऊर्जा उताराच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ती दर घनफळाला चौपट झाली. चौपट गुणिले एक अष्टमांश म्हणजे निम्मी. दोन्ही खाती घटली. आकुंचन पावण्यात फायदाच फायदा आहे, आणि अडवणारे कोणी नाही. म्हणून स्थिर बसलेला गोळा तसाच बसून राहू शकत नाही, तो कोसळतो.

हेच गणित एका मितीत, म्हणजे दोरीसारख्या अवकाशात करून पाहा. निम्मे केल्यावर स्थितिज ऊर्जा निम्मी होते, पण ताणाची ऊर्जा चार गुणिले अर्धी, म्हणजे दुप्पट होते. एक खाते आत ओढते, दुसरे बाहेर रेटते, आणि मधे कुठेतरी समतोल सापडतो. म्हणून एका मितीत स्थिर पुंजके मिळतात. आपण तीन मितींत राहतो, हीच अडचण आहे.

डेरिकच्या निष्कर्षात एक शब्द महत्त्वाचा आहे : ‘स्थिर’. त्यांच्या हिशेबात गतीचे खाते शून्य धरले आहे. पुंजका सतत हलत असेल, क्षेत्र वरखाली होत असेल, तर हा निकाल त्याला लागू होत नाही. बंदी बसलेल्यावर आहे, नाचणाऱ्यावर नाही.

सायकलच्या तारांचा लंबक

नाचणारा पुंजका का टिकतो हे समजण्यासाठी समीकरण लागत नाही, लंबकांची एक रांग पुरते. मी विद्यापीठात भौतिकी शिकलेलो नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रदुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि जे काही वाचले ते रात्री, पुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून. त्यामुळे हाताने करून पाहिल्याशिवाय गोष्ट पटत नाही. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून दोन खुंट्यांमध्ये ताणून बांधली. तिला ठरावीक अंतरावर सायकलचे स्पोक टांगले आणि प्रत्येकाच्या खालच्या टोकाला नट बसवला. एक स्पोक हलवला की रबराला पीळ पडतो आणि शेजारचा स्पोक ओढला जातो. प्रत्येक स्पोक म्हणजे अवकाशातला एक बिंदू. त्याचा कोन म्हणजे तिथले क्षेत्राचे मूल्य. रबराचा पीळ म्हणजे ताणाची ऊर्जा, आणि नट वर उचलला जाणे म्हणजे स्थितिज ऊर्जा.

या रांगेचे पहिले वैशिष्ट्य असे. रांगेचे एक टोक हाताने हळूहळू, लंबकाच्या नैसर्गिक गतीपेक्षा संथ हलवले, तर लाट पुढे जातच नाही. जवळचे दोन-चार स्पोक थोडे कलतात आणि बाकीचे स्वस्थ राहतात. गती वाढवली आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली, की मग लाट सुटते. म्हणजे या माध्यमाला एक उंबरठा आहे. उंबरठ्यापेक्षा संथ दोलने जागीच अडकतात, जलद दोलने प्रवास करतात. ३० सेंटिमीटर लांबीच्या लंबकासाठी हा उंबरठा म्हणजे सुमारे १.१ सेकंदाचा एक झोका. मूलभूत क्षेत्रातही असाच उंबरठा असतो, आणि तिथे त्याचे नाव ‘कणाचे वस्तुमान’ असे आहे. क्षेत्राची लहानशी लाट म्हणजे कण, आणि तो निर्माण करायला किमान जी वारंवारता लागते ती त्याच्या वस्तुमानावरून ठरते.

दुसरे वैशिष्ट्य घड्याळजींना जुन्या काळापासून माहीत आहे. लंबकाचा झोका मोठा असेल तर त्याला वेळ जास्त लागतो. लहान झोक्याला १.१ सेकंद लागत असतील, तर ६० अंशांच्या झोक्याला सुमारे १.१८ आणि ९० अंशांच्या झोक्याला सुमारे १.३ सेकंद लागतात.

आता ही दोन वैशिष्ट्ये एकत्र ठेवा. रांगेच्या मधल्या काही स्पोकना मोठा झोका द्या. झोका मोठा म्हणून ते संथ. संथ म्हणून उंबरठ्याच्या खाली. उंबरठ्याच्या खाली म्हणून त्यांची हालचाल शेजाऱ्यांतून लाट बनून जाऊ शकत नाही. ऊर्जा मधेच कोंडली गेली. कोंडणारे बाहेरचे कोणी नाही. पुंजक्याच्या स्वतःच्या मोठेपणामुळेच त्याची लय बदलली आणि त्या लयीला बाहेर वाट उरली नाही.

माझ्या रबराच्या रांगेत घर्षणामुळे हे सगळे थोड्या झोक्यांतच थांबते. मूलभूत क्षेत्रात असे घर्षण नाही. पण एक अट दोन्हीकडे सारखीच आहे. पुंजका फार अरुंद असेल तर रबराचा पीळ वाढतो, पीळ लंबकांना घाई करायला लावतो आणि लय उंबरठ्याच्या वर जाते. म्हणून उंची आणि रुंदी यांची जोडी जमावी लागते. लहान उंचीच्या पुंजक्यांसाठी नियम असा की, उंची निम्मी तर रुंदी दुप्पट. हा नियम पुढे कामाला येणार आहे.

गळती कुठून?

एवढ्याने कोडे सुटले असे वाटेल, पण सुटत नाही. मोठा झोका घेणाऱ्या लंबकाची हालचाल शुद्ध एकसुरी नसते. तंबोऱ्याच्या तारेत जसे मूळ स्वराबरोबर वरचे स्वर झंकारतात, तसे या पुंजक्यातही मूळ लयीच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेची दोलने मिसळलेली असतात. मूळ लय उंबरठ्याच्या जराशीच खाली असते, त्यामुळे तिची दुप्पट किंवा तिप्पट नक्कीच उंबरठ्याच्या वर. त्या स्वरांना वाट मोकळी आहे. मग पुंजका त्यांच्यामार्फत भराभर रिता का होत नाही?

कारण असे : या वरच्या स्वरांची तरंगलांबी पुंजक्याच्या रुंदीपेक्षा पुष्कळ लहान असते. पुंजक्याच्या डाव्या भागातून निघालेली लाट, मधून निघालेली आणि उजवीकडून निघालेली लाट या बाहेर पोचेपर्यंत एकमेकींशी जुळत नाहीत. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. पुंजक्याच्या कडा धारदार असत्या तर काहीतरी शिल्लक राहिले असते. कडा मऊ, हळूहळू विरत जाणाऱ्या असल्या तर पुसणे जवळजवळ पूर्ण होते. या ‘जवळजवळ’मध्ये ऑसिलॉनचे सगळे आयुष्य आहे.

ही शिल्लक गळती गणिताला फार काळ दिसलीच नाही. उंची लहान धरून पायरीपायरीने उत्तर काढायची पद्धत आहे. पहिल्या पायरीवर गळती शून्य, दुसरीवर शून्य, शंभराव्या पायरीवरही शून्य. १९७०च्या दशकात या पद्धतीने एका मितीतले असे पुंजके मांडले गेले आणि ते कायमचे टिकणारे असावेत अशी आशा निर्माण झाली. १९८७ साली हार्वी सेगर आणि मार्टिन क्रुस्कल यांनी दाखवले की, ‘फाय-चार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अगदी साध्या क्षेत्रात लहान उंचीचा कायमस्वरूपी धडधडणारा पुंजका अस्तित्वातच नाही. गळती आहे, फक्त ती त्या पद्धतीच्या प्रत्येक पायरीपेक्षा लहान आहे.

ती किती लहान असते याची कल्पना एका नमुन्याच्या आकडेमोडीने येईल. समजा उंची एक दशांश असताना गळती २२ हजारांत एक भाग आहे. उंची निम्मी केली तर साधारण अपेक्षा अशी की गळती चौथा किंवा आठवा हिस्सा होईल. पण या जातीच्या गळतीत ती ४८ कोटींत एक भाग होते. वहीत पै-पैचा हिशेब ठेवला तरी न सापडणारी, आणि तरी खरी, अशी ही तूट आहे.

या निकालात एक योगायोग आहे. एकट्याने धावणाऱ्या लाटेचे पहिले प्रसिद्ध वर्णन जॉन स्कॉट रसेल यांचे. १८३४ साली एडिंबराजवळच्या कालव्यात त्यांनी तशी लाट पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला. अशा लाटांना ‘सॉलिटॉन’ हे नाव मात्र १९६५ साली नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल यांनी दिले. ज्याने अमर लाटांचे बारसे केले त्यानेच बावीस वर्षांनी सांगितले की, हा पुंजका त्या कुळातला नाही.

संगणकाची पेटी

आता तीन मितींकडे वळू. इथे हाताने गणित होत नाही, संगणक लागतो. १९७६-७७ साली सोव्हिएत संघातल्या दुब्ना येथील संशोधक बोगोल्युब्स्की आणि माखान्कोव्ह यांनी संगणकावर गोलाकार पुंजके सोडून पाहिले. ते लगेच पांगले नाहीत. त्यांनी त्यांना ‘पल्सॉन’ म्हटले. या शोधाकडे पुढे बरीच वर्षे फारसे कोणी वळले नाही. १९९४ साली ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे मार्सेलो ग्लायझर तापलेल्या क्षेत्रातल्या बुडबुड्यांचा अभ्यास करत होते. हे बुडबुडे चटकन कोसळतील अशी अपेक्षा असताना त्यांना तेच धडधडणारे पुंजके पुन्हा भेटले. पुढच्या वर्षी ग्लायझर, एडमंड कोपलंड आणि हान्स-राइनहार्ड म्युलर यांनी सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘ऑसिलॉन’ हे नाव रुजले.

आकडे असे. क्षेत्राच्या स्वतःच्या घड्याळाने मोजले तर असा गोळा साधारण पाच-दहा एककांत पांगायला हवा. प्रत्यक्षात तो हजार ते दहा हजार एकके जगतो. एका झोक्याला सुमारे सहा-साडेसहा एकके लागतात, म्हणजे शेकडो ते दीड हजार झोके. आणि गोळ्याची सुरुवातीची त्रिज्या एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर ऑसिलॉन बनतच नाही.

अशा कामात एक सापळा असतो. संगणकातले अवकाश म्हणजे मर्यादित पेटी. पुंजक्यातून गळालेली लाट पेटीच्या भिंतीवर आपटून परत येते आणि पुंजक्यात शिरते. मग पुंजका आपल्याच गळतीवर जगतो, आणि आपल्याला वाटते की तो अमर आहे. २००२ साली एथन होंडा आणि मॅथ्यू चॉप्टिक यांनी असे निर्देशांक वापरले की बाहेर जाणारी लाट परतूच नये. तेव्हा चित्र अधिक सूक्ष्म दिसले. सुरुवातीची त्रिज्या किंचित बदलत गेले की काही विशिष्ट मूल्यांपाशी आयुष्य एकदम उंच शिखरासारखे वाढते, आणि आलेखात अशा शिखरांची रांगच उभी राहते.

यातून एक शिकवण मिळते. ‘मी दहा हजार झोके पाहिले, पुंजका टिकला’ हे विधान निरीक्षण आहे. ‘पुंजका स्थिर आहे’ हे विधान सिद्धान्त आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही, कितीही मोठा संगणक आणला तरी निघत नाही.

अचानक मृत्यू

ऑसिलॉनचा शेवट हा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. तो दिव्यासारखा मंदावत जात नाही. शेवटपर्यंत नीट धडधडतो आणि मग थोड्याच झोक्यांत संपूर्ण पांगतो. असे का, हे मघाच्या उंची-रुंदीच्या नियमातून कळते.

पुंजक्याची ऊर्जा साधारणपणे उंचीच्या वर्गाला आकारमानाने गुणून मिळते. गळतीने ऊर्जा कमी होते तसा पुंजका बुटका होऊ पाहतो. समजा उंची निम्मी झाली. नियमाप्रमाणे रुंदी दुप्पट व्हायला हवी. एका मितीत : उंचीचा वर्ग एक चतुर्थांश, लांबी दुप्पट, ऊर्जा निम्मी. ठीक आहे. ऊर्जा गमावत पुंजका हळूहळू बुटका आणि रुंद होत जाऊ शकतो, आणि जितका बुटका तितकी गळती कमी. त्याच्या म्हातारपणाला अंत नाही.

तीन मितींत : उंचीचा वर्ग एक चतुर्थांश, पण घनफळ आठपट. ऊर्जा दुप्पट! म्हणजे बुटका व्हायचे तर जास्त ऊर्जा हवी, आणि ऊर्जा तर गळून चालली आहे. याचा अर्थ, तीन मितींतल्या पुंजक्याच्या ऊर्जेला एक किमान पातळी आहे, आणि तिच्याखाली ऑसिलॉन नावाची अवस्थाच नाही. गळता गळता पुंजका त्या पातळीपर्यंत येतो. पुढची पायरी नसते. तो कोसळतो.

सहकारी पतसंस्थेला किमान शिल्लक राखावी लागते तसे हे आहे. शिल्लक त्या रेषेच्या वर असेपर्यंत व्यवहार सुरळीत, बाहेरच्याला काही कळत नाही. रेषा ओलांडली की दुसऱ्या दिवशी दार बंद.

दोन नातेवाईक

ऑसिलॉनची ओळख पक्की व्हावी म्हणून त्याच्या दोन नातेवाइकांशी तुलना करू.

पहिला ‘क्यू-बॉल’. १९६८ साली जेराल्ड रोझेन यांनी अशा पुंजक्यांचा विचार केला होता आणि १९८५ साली सिडनी कोलमन यांनी त्यांना हे नाव देऊन सविस्तर मांडले. इथे क्षेत्राला एक प्रकारचा भार असतो आणि त्याचे संवर्धन होते. तो भार मोकळ्या कणांच्या रूपात बाहेर नेणे पुंजक्यात ठेवण्यापेक्षा महाग पडत असेल तर पुंजका फुटत नाही. त्याच्या टिकण्यामागे कायदा आहे. ऑसिलॉनमागे असा कायदा नाही. २००३ साली कासुया, कावासाकी आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी दाखवले की, ऑसिलॉनमध्ये एक राशी जवळजवळ जपली जाते, पण जवळजवळच. कायदा नाही, नुसता रिवाज आहे.

दुसरा नातेवाईक वाळूतला. १९९६ साली टेक्सास विद्यापीठात पॉल उम्बनहॉवर, फ्रान्सिस्को मेलो आणि हॅरी स्विनी यांनी ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर व्यासाच्या ब्राँझच्या गोळ्यांचा पातळ थर उभा कंपित केला. ठरावीक कंपनाला थरात सुटे सुटे उंचवटे उठले. एका झोक्याला टेकडी, दुसऱ्याला खळगा, जागा तीच. त्यांनाही ऑसिलॉनच म्हणतात. आमच्याकडच्या फाउंड्रीत वाळू चाळणारी कंपनचाळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना थरथरणारा वाळूचा थर कल्पनेत आणायला वेळ लागणार नाही. पण साम्य नावापुरते आणि रूपापुरतेच आहे. वाळूतल्या पुंजक्याला मोटर सतत खाऊ घालते. मोटर बंद केली की तो संपला. क्षेत्रातल्या पुंजक्याला कोणी खाऊ घालत नाही. तो आपल्या शिलकीवर जगतो.

हे निसर्गात असतात का?

हिग्ज क्षेत्रात ऑसिलॉन असतील का, हा पहिला मोह. २००७ साली नोआ ग्रॅहम यांना हिग्ज आणि त्याच्याशी निगडित क्षेत्रांच्या आकडेमोडीत एक अतिशय दीर्घायुषी पुंजका सापडला, पण तो हिग्ज कणाचे वस्तुमान डब्ल्यू कणाच्या बरोबर दुप्पट धरल्यावर. डब्ल्यूचे वस्तुमान सुमारे ८० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हिग्जचे १६० हवे होते. निसर्गाने १२५ दिले.

दुसरी जागा विश्वाच्या बालपणात आहे. विश्व सुरुवातीला अतिजलद फुगले, या मांडणीत फुगवणारे क्षेत्र अदिश असते. फुगणे थांबल्यावर ते सर्वत्र एका तालात झुलू लागते. त्याच्या स्थितिज ऊर्जेचा खोलगट भांड्यासारखा आलेख कडेला चपटा होत असेल, तर मोठा झोका संथ पडतो, अगदी आपल्या स्पोकसारखा. अशा झुलणाऱ्या क्षेत्राचा सरासरी दाब किंचित ऋण असतो. जिथे थोडी दाटी झाली तिथे आणखी दाटी होते आणि एकसंध क्षेत्राचे पुंजके बनतात. २०१२ साली मुस्तफा अमीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा प्रारूपांत विश्वातली बहुतांश ऊर्जा काही काळ ऑसिलॉनमध्ये बंदिस्त असू शकते. तसे झाले असेल तर त्यांचे आयुष्य किती, हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. विश्व केव्हा तापले, कणांचे पहिले गरम मिश्रण केव्हा तयार झाले, हे त्यांच्या मरण्यावर ठरेल.

पुंजके बनताना गुरुत्वलहरीही निघतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया वेधशाळेला एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, ती या लहरी टिपेल का? बहुतेक प्रारूपांत त्यांची वारंवारता लायगोच्या पट्ट्यापेक्षा पुष्कळ वर येते. तेव्हा आशा जपून ठेवावी.

तिसरी जागा कृष्णद्रव्याची. नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते त्या पुण्याच्या आयुकामधील वरुण साहनी यांनी लिमिन वँग यांच्यासह २००० साली मांडले की, झुलणारे अदिश क्षेत्रच कृष्णद्रव्याची भूमिका करू शकेल. अशा क्षेत्राचा कण विलक्षण हलका असू शकतो. एका इलेक्ट्रॉनव्होल्टला एकावर बावीस शून्ये एवढ्या संख्येने भागले तर जे येईल तेवढे त्याचे वस्तुमान धरा. मग त्याच्या एका झोक्याला सुमारे सव्वा वर्ष लागते. हिग्जसारख्या जड कणाचा झोका याउलट सेकंदाच्या एका अकल्पनीय लहान भागात होतो. लय एवढी वेगळी, समीकरणाची घडण मात्र तीच. इतक्या हलक्या क्षेत्राच्या पुंजक्यांना बांधून ठेवायला गुरुत्वाकर्षणही हात लावते, म्हणून त्यांचे आयुष्य निराळे मोजावे लागते.

शेवटची अडचण पुंजकीय यांत्रिकीची. वर सांगितलेली गळती अभिजात भौतिकीतली, अत्यंत लहान. २०१० साली मार्क हर्ट्झबर्ग यांनी दाखवले की, क्वांटम हिशेबात आणखी एक गळती असते. ती लहान असली तरी मघाच्या गळतीइतक्या झपाट्याने घटत नाही. त्यामुळे अनेकदा पुंजक्याचे खरे आयुष्य तीच ठरवते. अभिजात गणिताने दिलेला दीर्घायुष्याचा दाखला तिथे चालत नाही.

स्थिर आणि टिकाऊ

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे येता येईल. ऑसिलॉन इतके का टिकतात? कारण त्यांची मूळ लय बाहेरच्या माध्यमाला पेलता येत नाही, आणि ज्या वरच्या लयी पेलता येतात त्या पुंजक्याच्या मऊ आकारामुळे एकमेकींना पुसतात. ते स्थिर आहेत का? नाही. स्थिर वस्तूला धक्का दिला तर ती परत जागेवर येते आणि एकटी सोडली तर कायम राहते. ऑसिलॉन लहान धक्के पचवतो, पण एकटा सोडला तरी एक दिवस संपतो. तो टिकाऊ आहे.

भौतिकी शिकताना आपल्याला वस्तूंच्या टिकण्यामागे नियम शोधायची सवय लागते : ऊर्जेचे संवर्धन, भाराचे संवर्धन. ऑसिलॉन दाखवतो की, कोणत्याही नियमाच्या आधाराशिवायही एखादी रचना फार काळ उभी राहू शकते. तिला लय, आकार आणि भोवतालचे माध्यम यांचा मेळ तेवढा पुरतो. आणि असा मेळ किती काळ राहील हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, त्यासाठी गळती मोजावी लागते, मग ती ४८ कोटींत एक भाग का असेना. विश्वाच्या पहिल्या क्षणांचा हिशेब मांडणाऱ्यांना आज नेमके हेच करायचे आहे. पुंजक्याच्या आयुष्याचा आकडा चुकला, तर पुढच्या साऱ्या कालगणनेचा आकडा चुकेल.